मिरजेत गुडघ्याखालचं हाड बसवून घेतलं : सर्जनला पाच तारे, बिलिंगला दोन

मिरजेतल्या ज्या हाडांच्या हॉस्पिटलात माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्याला एक तारा देऊन गेलेल्यांची तक्रार बहुतेक एकच असते : ॲडमिट करून घेतात आणि आठवडा आठवडा नुसतं झोपवून ठेवतात, खोलीचं भाडं मात्र चालू. मलाही झोपवून ठेवलं होतं. भाडंही चालूच होतं. तरी माझ्याकडून जे तारे जाणार आहेत, ते आधी त्या झोपवून ठेवण्याला. बिल, फिजिओ आणि डिस्चार्ज यांच्याबद्दल मात्र हातचं राखून लिहिणार नाही, आणि म्हणूनच हॉस्पिटलचं नाव घालत नाही. मिरजेत हाडांच्या दवाखान्यांची वानवा नाही. यातलं बरंचसं कुठल्याही दारात उपयोगी पडेल.

मी तासगावकडची, पतसंस्थेत कर्ज विभागात. स्कूटीवरून घरी येताना समोरून द्राक्षाचे क्रेट भरलेला ट्रॅक्टर आला, मी गाडी कडेला घेतली आणि मुरमावर चाक सरकलं. गाडी डावीकडं कलली तसा सावरायला पाय टेकला, आणि गाडीचं नि माझं सगळं वजन त्या एका गुडघ्यावर आलं. रक्त नाही, जखम नाही. जमलेल्या लोकांचं एकमत, 'वाटी सरकली.' ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे काढला, पाय स्लॅबमध्ये, म्हणजे अर्ध्या प्लास्टरात, बांधला आणि सरळ सांगितलं, 'हे इथं होणार नाही, मिरजेला न्या.' सासूबाईंचं म्हणणं हाडवैद्याकडं न्या, बांधणी केली की महिन्यात चालायला लागेल. तिकडं कुणी लक्ष दिलं नाही, बरं झालं.

'मिरजेला न्या' हे आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. डॉ. वान्लेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं ते १८९४ साली. इकडून जत-कवठेमहांकाळ आणि तिकडून अथणी-विजापूर, सगळा पेशंट मिरजेतच उतरणार. आमच्या वॉर्डात पाट्या मराठी आणि कन्नड दोन्हींत, आणि वॉर्डबॉय मामा तर एकाच वाक्यात दोन्ही भाषा वापरायचे. मला उचलून स्ट्रेचरवर घेताना त्यांनी आधी पायाखाली उशी सरकवली, मग गुडघ्याच्या वर आणि घोट्याला एकदम हात घातला, पाय तसूभर हलू दिला नाही. हॉस्पिटल कसं आहे हे बघायचं असेल तर मी म्हणेन मामा पेशंट कसा उचलतात ते बघा.

सर्जन रात्री येऊन गेले, सीटी स्कॅन सांगितला. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप माझ्या पलंगावर आणून हाडाचं चित्र सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवलं. म्हणाले, "ताई, वाटीला काही झालेलं नाही. नडगीच्या हाडाचा वरचा माथा सपाट असतो, त्यावर मांडीचं हाड टेकतं. तो माथा बाहेरच्या बाजूनं चिरलाय आणि मधला तुकडा आत गेलाय. खालची माती बसली की फरशी खचते ना, तसा. सात-आठ मिलिमीटर खाली आहे. तो खालून वर ढकलायचा, खालची पोकळी भरायची आणि बाजूनं प्लेट लावून धरायचा." मी विचारलं, प्लास्टरनं नाही का होणार? तर म्हणाले, प्लास्टरनं चिरलेली कड एकवेळ जवळ येईल, पण आत गेलेला तुकडा आपणहून वर येत नाही. तो तसाच राहिला तर पाय बाहेरच्या बाजूला कलतो आणि सांधा लवकर झिजतो.

याला टिबियल प्लॅटू फ्रॅक्चर म्हणतात. माझ्या फाइलवर 'शॅट्झकर टू' लिहिलं होतं. टोरांटोचे डॉ. जोसेफ शॅट्झकर यांनी १९७९ मध्ये या फ्रॅक्चरचे सहा प्रकार पाडले, तेच अजून वापरतात. पहिले तीन बाहेरच्या बाजूचे, चौथा आतल्या बाजूचा, पाचव्या-सहाव्यात दोन्ही बाजू जातात. माझा दुसरा, म्हणजे चिरलेला अधिक खचलेला. पलीकडच्या पुरुष वॉर्डातला अथणीचा एक मोटरसायकलवाला मुलगा सहाव्यातला. त्याच्या पायाला बाहेरून सळया लावून ठेवल्या होत्या, आतलं ऑपरेशन नंतर. त्याची आई रोज आमच्याकडं येऊन बसायची. तिला मराठी येत नव्हतं, आम्हाला कन्नड येत नव्हतं, आणि तरी गप्पा अडल्या नाहीत.

आता मुद्द्याचं. आमच्या ह्यांनी विचारलं, "ऑपरेशन उद्या ना?" डॉक्टर म्हणाले, "उद्या नाही. सूज उतरेल तेव्हा."

इथून घरात राजकारण सुरू झालं. भाच्याचा पुण्याहून फोन, 'मामी, इकडं दुसऱ्या दिवशी करून मोकळे होतात, तिथं तुम्हाला लुटायला बसलेत.' दीर तावातावानं रिसेप्शनला जाऊन भांडून आले. डॉक्टर संध्याकाळी आले, चिडले नाहीत. दिरांना पलंगाजवळ बोलावलं, स्लॅबवरची पट्टी सोडली आणि पाय दाखवला. कातडी ताणून चकचकीत झालेली, निळीजांभळी, आणि नडगीच्या बाजूला पाण्याचे टपोरे फोड. "इथं कातडीखाली मांस नाही, थेट हाड आहे. ही कातडी आज कापली तर उद्या शिवायला उरणार नाही. टाके उसवले, पू झाला आणि तो प्लेटपर्यंत गेला, की प्लेट काढा, हाड धुवा, सहा महिने अँटिबायोटिक घ्या, असं चक्र सुरू होतं. हाड आठ-दहा दिवस थांबायला तयार आहे. तुम्ही का नाही?" दीर गप्प. बाहेर गेल्यावर म्हणाले, "माणूस बरोबर बोलतोय."

पण थांबायचं म्हणजे नुसतं पडून राहायचं असं नव्हतं, आणि एक तारावाल्यांनी हे बघितलेलं नाही की बघून सोडून दिलं, कुणास ठाऊक. पहिल्या दोन रात्री सिस्टर दर थोड्या वेळानं येऊन माझी पायाची बोटं वर उचलून बघायच्या. पोटरी दाबायच्या, पावलावरची नाडी बघायच्या, बोटांना मुंग्या येतात का विचारायच्या. मी झोपेत वैतागून म्हटलं, "अहो, दुखतंय म्हणून सांगितलंय की एकदा." तर त्या म्हणाल्या, "दुखणारच आहे, काकू. बोट उचलल्यावर पोटरीत कळ येते का, आणि मघापेक्षा जास्त आहे का, ते सांगा." पुढं आरएमओंनी, म्हणजे वॉर्डातल्या ड्यूटी डॉक्टरांनी, समजावलं : पोटरीतले स्नायू घट्ट आवरणात बांधलेले असतात. आत रक्त साठून दाब वाढला की त्यांचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि काही तासांत स्नायू मरायला लागतात. तसं झालं तर मग सुजेची वाट बघत नाहीत, रात्री दोन वाजले असले तरी पोटरी उघडून दाब मोकळा करावा लागतो. म्हणजे थांबायचं कधी आणि धावायचं कधी, दोन्ही त्यांना ठाऊक होतं. हाडवैद्याची घट्ट बांधणी अशा वेळी काय करू शकते हे ऐकल्यावर सासूबाई पुन्हा बोलल्या नाहीत.

दिवसाचा कार्यक्रम ठरलेला. पाय लोखंडी चौकटीवर उंच. टॉवेलात गुंडाळलेला बर्फ. घोटा वर-खाली, वर-खाली, जागेपणी तासातासाला, कारण पडून पडून पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. त्याचसाठी पोटात रोज एक इंजेक्शन. फोड कुणी फोडायचे नाहीत. शुगर तपासली, ड जीवनसत्त्व तपासलं. आणि डॉक्टरांनी विचारलं, "मिश्री लावता का?" पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला हा प्रश्न सुचला असता का, मला शंका आहे. मी नाही लावत. माझ्या समोरच्या बेडवरच्या मावशी लावायच्या, लपवून. त्यांना डॉक्टरांनी दम भरला की तंबाखूनं हाड उशिरा जुळतं आणि जखम चिघळते, प्लेट कितीही महागाची घाला. दुसऱ्या दिवशी त्यांची डबी त्यांच्या सुनेच्या पर्समध्ये गेली.

सकाळच्या राउंडला डॉक्टर एकच गोष्ट करायचे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरायची, सोडायची, बॅटरीच्या उजेडात तिरकं बघायचं. कातडीवर बारीक सुरकुत्या उमटल्या की सूज उतरली. उमटल्या नाहीत की "उद्या बघू" आणि पुढचा बेड. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, "बाईच्या सुरकुत्यांची एवढी वाट बघणारा पुरुष पहिल्यांदाच बघितला." सिस्टर हसून हसून पडायच्या बाकी राहिल्या. ज्या सकाळी सुरकुत्या दिसल्या, त्या सकाळी डॉक्टरांनी ह्यांना आणि दिरांना दोघांना बोलावून दाखवल्या आणि मगच ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, वेळ घेतली.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी संमतीपत्रावर सही घ्यायला ते स्वतः आले, कुणा कंपाउंडरला धाडलं नाही. पोकळी भरायला दोन मार्ग : माझ्याच कमरेच्या हाडातून थोडं हाड काढायचं किंवा कृत्रिम हाडाचे दाणे विकत घ्यायचे. पहिल्यात खर्च नाही, पण कमरेला वेगळी जखम आणि वेगळं दुखणं. दुसऱ्यात दुखणं नाही, पण बिल वाढतं. मी माझं हाड सांगितलं. खरं सांगायचं तर नंतरचे पंधरा-वीस दिवस गुडघ्यापेक्षा कंबरच जास्त ठणकत होती, कूस बदलायला नको. ज्यांच्याकडं पैसे आहेत त्यांनी दाण्यांचा विचार जरूर करावा. आणि एक गोष्ट त्यांनी विचारायच्या आधीच सांगितली : "सांधा शंभर टक्के पूर्वीसारखा होईल अशी हमी मी देत नाही. पृष्ठभाग जितका सपाट बसेल तितकं चांगलं. पुढं दहा-पंधरा वर्षांनी झीज होऊ शकते, क्वचित सांधा बदलावाही लागतो." हे ऐकून जाऊबाई बाहेर जाऊन रडल्या. मला उलट बरं वाटलं. आमच्याकडं कर्जदार जेव्हा म्हणतो 'हप्ता एकही चुकणार नाही', तेव्हाच मी जास्त कागद मागते.

ओटीत कमरेतून इंजेक्शन दिलं, खालचं सगळं बधिर. भूलतज्ज्ञ बाई डोक्याशी बसून होत्या, झोपेचं औषध हवं का विचारलं, मी थोडंसंच द्या म्हटलं. पडद्याआड ड्रिलचा आवाज, हातोडीचे हलके ठोके, आणि दर थोड्या वेळानं सगळे शिशाचे एप्रन घातलेले लोक मागं सरकून 'शूट' म्हणायचे, मग सी-आर्मच्या, म्हणजे ओटीतल्या एक्स-रे मशीनच्या, स्क्रीनवर करडं हाड. तेवढी स्क्रीन मला कडेनं दिसत होती. चिरलेला तुकडा त्यांनी पुस्तकाच्या पानासारखा उघडला असं नंतर ऐकलं. मी बघितलं ते एवढंच की करड्या हाडात खालून एक बोथट सळई गेली आणि खाली गेलेली रेघ ठोक्यागणिक वर वर आली. एका ठोक्यानंतर डॉक्टर म्हणाले, "अजून एक मिलिमीटर." मग आणखी एक ठोका. मग त्या रेघेच्या अगदी खालून आडवे स्क्रू एकाला एक लागून, वरचा तुकडा पुन्हा खाली बसू नये म्हणून. सांध्यातली कुर्च्याची गादी उचलून आत बघावं लागतं, ती शेवटी परत टाके घालून बसवली. सगळं मिळून दोन तासांच्या आसपास. सर्जनला पाच तारे इथवरचे.

आता बिलिंग.

पहिल्या दिवशी जो अंदाजपत्रकाचा कागद दिला त्यात पॅकेजच्या खाली बारीक अक्षरांत 'इम्प्लांट वेगळे'. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काउंटरवरून ह्यांना विचारणा : "इंडियन घालायचं की इम्पोर्टेड?" जणू काही फरशीचं दुकान. ह्यांना काय कळणार, घाबरून 'चांगलं ते घाला' म्हणणारच माणूस. मी निरोप धाडला की डॉक्टर सांगतील ते. डॉक्टर म्हणाले, "भारतीय कंपनीची टायटॅनियमची लॉकिंग प्लेट मी रोज वापरतो. प्लेट फक्त धरून ठेवते, जुळायचं काम हाडालाच करायचंय." काउंटरच्या 'इम्पोर्टेड'पेक्षा ती निम्म्याहून कमी. तेव्हा हा प्रश्न काउंटरशी सोडवू नका, सर्जनला विचारा.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. गुडघा बदलायच्या सांध्यावर सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल किमती ठरवून दिल्या, त्यामुळं लोकांना वाटतं की गुडघ्यात घालायच्या सगळ्याच वस्तूंचे भाव बांधलेले आहेत. तसं नाही. फ्रॅक्चरच्या प्लेट-स्क्रूला ती मर्यादा लागू नाही. एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्यात आली, म्हणून छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, एवढंच. त्यामुळं घासाघीस करायला जागा असते, आणि माझ्या जाऊबाईंनी ती केली.

माझं इम्प्लांटचं बिल ३८,५०० आलं. बिलात स्क्रू दहा. ऑपरेशननंतरच्या एक्स-रेवर मी ते मोजले, तर आठ. एक्स-रे खिडकीला धरून, पेन्सिलीनं टिंब काढत, जाऊबाईंकडून खात्री करून घेतली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ओटीत वापरलेले असतात." मी म्हटलं, ओटीची नोंद दाखवा. नोंदीत एक स्क्रू लांबीला कमी पडला म्हणून काढून टाकल्याचं लिहिलेलं होतं. तो मी मान्य केला. दहावा कुठं गेला ते कुणालाच सांगता येईना. शेवटी 'टायपिंग मिस्टेक' म्हणून वजा झाला. नऊशे रुपयांचा प्रश्न, पण नऊशे रुपयांसाठी मी लोकांना नोटिसा धाडलेल्या आहेत. तुम्हीही फाइलमध्ये इम्प्लांटचे स्टिकर लावलेत का ते बघा, त्यावर कंपनी आणि लॉट नंबर असतो. पुढंमागं प्लेट काढायची झाली तर तोच कागद लागतो.

खोलीच्या बाबतीत रिसेप्शनची मुलगी म्हणाली, "फक्त पाचशेनं जास्त आहे, स्पेशल घ्या." माझ्या पॉलिसीत खोलीची मर्यादा दिवसाला ३,००० होती. ३,५०० ची घेतली असती तर वरचे पाचशे तर गेलेच असते, शिवाय औषधं आणि इम्प्लांट सोडून सर्जनची फी, ओटी, भूल या सगळ्याला त्याच प्रमाणात कात्री लागली असती. ३,५०० ला ३,००० म्हणजे चौदा टक्के कमी. हे ती सांगणार नाही, कारण तिलाच माहीत नाही. मी ट्विन शेअरिंग घेतली. ब्रेस (गुडघ्याचा पट्टा), वॉकर, हातमोजे आणि असल्या किरकोळीचे १३,५०० खिशातून गेलेच. गुडघ्याचा ब्रेस आणि चालायची साधनं विमा कंपन्यांच्या 'मिळत नाही'च्या यादीतच असतात. ब्रेस हॉस्पिटलच्या मेडिकलमधून घेतला. तोच, त्याच कंपनीचा, स्टेशन रोडला दीड हजारानं स्वस्त होता.

ज्यांच्याकडं पॉलिसी नाही त्यांनी ॲडमिट व्हायच्या आधी एकच विचारावं : इथं महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे का, आणि आरोग्यमित्र, म्हणजे त्या योजनेचा हॉस्पिटलातला माणूस, कुठं बसतो. २०२३ च्या निर्णयानंतर ती राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांसाठी आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. सगळीच हॉस्पिटलं यादीत नसतात. आमचं नव्हतं. समोरच्या मिश्रीवाल्या मावशींना हे चौथ्या दिवशी कळलं, तोवर सुनेनं डिपॉझिटसाठी गंठण गहाण ठेवलेलं होतं. हे दारात बोर्ड लावून सांगायला काय जातं? यासाठी मी एक तारा कापलाय, आणि तो परत मिळणार नाही.

डिस्चार्जचं तर विचारू नका. सकाळी दहाला डॉक्टरांनी घरी जा म्हटलं, रात्री नऊला आम्ही गाडीत बसलो. २०२४ पासून नियम आहे की हॉस्पिटलनं अंतिम बिल पाठवल्यावर विमा कंपनीनं तीन तासांत मंजुरी द्यायची. विमा कंपनीनं दीड तासात उत्तर दिलं होतं, ते उत्तर म्हणजे शंका : अपघाताची पोलिसात गेलेली नोंद जोडलेली नाही, इम्प्लांटचे स्टिकर जोडलेले नाहीत. रस्त्यावरचा अपघात म्हणून एमएलसी, म्हणजे हॉस्पिटलनं पोलिसांना कळवायची नोंद, पहिल्याच रात्री झाली होती, हवालदार येऊन माझा जबाबही घेऊन गेले होते, कागद फाइलमध्येच होता. टीपीए डेस्कवरचा, म्हणजे विम्याचे कागद बघणारा, माणूस जेवायला गेला होता. तेव्हा आदल्या दिवशी संध्याकाळीच जाऊन विचारा, कुठले कागद जायचेत, आणि तुमच्या डोळ्यांसमोर स्कॅन करायला लावा.

फिजिओला दोन तारे, तेही मुलीकडं बघून. बिचारी एकटी आणि वॉर्ड तीन. यायची, "काकू, वाकवा" म्हणायची, दहा मिनिटांत पुढच्या बेडवर. या ऑपरेशनात हे चालत नाही. प्लेट घालायचं कारणच हे की सांधा लगेच हलवता यावा. सांधा हलला तर कुर्च्याला पोषण मिळतं, नाही हलला तर आतून चिकटतो आणि मग वाकवायला पुन्हा भूल द्यावी लागते. वजन मात्र अजिबात टाकायचं नाही, दहा-बारा आठवडे, कारण वर उचललेला तुकडा खालच्या भरावात पक्का व्हायला तेवढा वेळ लागतो. वाकवायचं, पण टेकायचं नाही. हे दोन्ही एकदम कसं करायचं ते कुणीतरी बसून शिकवायला हवं. डिस्चार्ज कार्डावर सगळं इंग्रजी आद्याक्षरांत. मी हट्ट धरला तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टरनं कार्डाच्या मागं मराठीत लिहून दिलं : 'पाय जमिनीला लावू नका. चालताना पट्टा सरळ, बसल्यावर पट्टा सोडून गुडघा वाकवा. पोटरी सुजून दुखली किंवा दम लागला तर लगेच या.' तिला सहावा तारा द्यायची सोय असती तर दिला असता.

खरं काम तासगावच्या फिजिओनं केलं, घरी येऊन. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो खाली दाबायचा, मांडी कडक धरायची. मग पलंगावर स्वयंपाकघरातला मोठा स्टीलचा ट्रे उपडा ठेवला, त्यावर टाल्कम पावडर टाकली, पायात मोजा घातला आणि टाच ट्रेवरून हळूहळू माझ्याकडं ओढायची. घर्षण नाही, त्यामुळं पाय अडत नाही. ट्रेच्या कडेला तिनं मार्करनं रेघ मारली. रोज टाच रेघेच्या पुढं जायला हवी. जाऊबाईंना तो ट्रे दिवाळीच्या चिवड्याला हवा होता. मिळाला नाही. काटकोनात वाकला त्या दिवशी कळ डोळ्यांत आली, पण वाकला.

एका पायावर वॉकरनं उड्या मारत बाथरूमपर्यंत जाणं हा पन्नाशीतल्या बाईसाठी व्यायाम नाही, शिक्षा आहे. घरी संडास भारतीय पद्धतीचा असेल तर खुर्ची-कमोड पेशंट घरी यायच्या आधी आणून ठेवा. वॉकर मनगटाच्या उंचीला बसतो का ते दुकानातच बघा. ओटा उंच असेल तर उंच स्टूल आणा. हॉस्पिटलनं यातलं काहीही सांगितलं नाही, आणि हे सांगायला डॉक्टरच लागतो असंही नाही.

आता काठीशिवाय चालते. जिना चढते, उतरताना कठडा धरते. पतसंस्थेत परत रुजू झाले. खाली मांडी घालून बसत नाही, पूजेला पाट नाही, खुर्ची. थंडीत प्लेटच्या जागी जाणवतं. शेवटच्या एक्स-रेत वरची रेघ सपाट आहे, खाली बसलेली नाही, आणि जखमेची रेघ इतकी बारीक की फिजिओसुद्धा शोधत होती. त्या अथणीच्या मुलाच्या आईचा फोन आला होता, जाऊबाईंनी घेतला. तोही वॉकरवर आलाय असं तिच्या आवाजावरून वाटलं.

फॉलो-अपला जाणाऱ्यांसाठी : सर्जनच्या ओटीच्या दिवशी ओपीडी दुपारपर्यंत हलत नाही, आदल्या दिवशी फोन करून ओटी कधी ते विचारूनच निघा. एक्स-रे तळघरात आहे, लिफ्ट तिथवर जात नाही, आणि उतार इतका तीव्र की व्हीलचेअर एकट्या माणसाला धरत नाही. हाडांच्या हॉस्पिटलात हा नकाशा कुणी काढला कोण जाणे. खाली जायच्या आधी मामांना हाक मारा, ते चेअर उलटी फिरवून, पाठीनं उतरवतात.